दिवेलागणीचं विरजण

नाफडेसाहेबांनी पेला खिडकीच्या उजेडात धरला, डोळे बारीक केले आणि विचारलं, “मॅडम, हा वास नेमका कशाचा?”

“भाताचा,” संग्राम चटकन म्हणाला. “आजऱ्याचा घनसाळ आहे साहेब. एका घरी शिजला तर चार घरी कळतं.”

“आक्काचा,” मी म्हणाले.

संग्रामनं टेबलाखालून माझ्या पायावर पाय ठेवला. नवरा-बायकोनं मिळून धंदा केला की टेबलाखाली एक वेगळीच भाषा तयार होते. तो पाय ‘आज नको’ असं म्हणत होता.

नाफडेसाहेब हसले. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगून टाकते. एका बड्या बियर कंपनीचा माणूस म्हणजे काळा चष्मा लावून येईल आणि भिंतींना हात न लावता बोलेल, अशी माझी समजूत. हे आले ते हातानं विणलेला स्वेटर घालून, आणि आल्या आल्या बशीतल्या काजूंची चौकशी करत बसले. नोकरी मुंबईची, पण बोलणं अजून विदर्भातलं, सावकाश. शहरातल्या पोरांना लहान लहान भट्ट्यांची बियर आवडायला लागली होती, म्हणून त्यांची कंपनी त्या भट्ट्याच विकत घेत सुटली होती. नाफडेसाहेब गावोगाव हिंडायचे, चव घ्यायचे, कागद पुढं करायचे. आमच्याकडे ते कागद घेऊन आले होते.

आमची भट्टी म्हणजे माझ्या सासऱ्यांचा बंद पडलेला काजूचा कारखाना. आजऱ्यापासून थोडी वर, अशा जागी की डोंगरावरून चालायचा कंटाळा आलेले ढग तिथंच जमिनीवर बसतात. कार्तिक लागला तरी दुपार कलली की धुकं यायचं. आधी फणस जायचा, मग आवार, मग खिडकीतून ते आत शिरायचं आणि टाक्यांच्या पायांशी पसरायचं. टाक्या पाण्यात उभ्या असल्यासारख्या दिसायच्या. आत बियर आंबत असायची आणि नळीतून तिचे बुडबुडे निघायचे, एकेक, झोपलेल्या माणसाच्या श्वासासारखे. त्या आवाजात बसलं की माझे डोळे मिटायचे. पुष्कळदा वाटायचं, आपण बियर करतच नाही, आपण नुसतं बसतो आणि ती होते. तिचं नाव आम्ही ‘धुकं’ ठेवलं होतं. दुसरं सुचण्यासारखं तिथं काही दिसतच नव्हतं.

पण सुरुवातीला ती होत नव्हती. मी पुण्याला शिकून आलेली, परदेशातून पाकिटं मागवलेली, त्यातलं यीस्ट मोजूनमापून घातलेलं, आणि बियर अशी व्हायची की पिणाऱ्यानं विचारावं, बरी आहे, पण कोणती आहे? तेव्हा एका सकाळी शेजारच्या वस्तीवरची आक्का आंबोळ्या घेऊन आली. आक्का म्हणजे तानुबाई पाटील. तिची आंबोळी तव्यावरून उतरली की तिला तांदळाचा वास असायचा, शिवाय आंबूस, शिवाय आणखी काहीतरी, पिकल्या फणसाच्या जवळून गेल्यासारखं. मी विचारलं, पिठात काय घालता?

“काय घालायचं? जुनं पीठ,” ती म्हणाली. “वाटलेलं सगळं संपवायचं न्हाई. पळीभर बरणीत ठेवायचं. पुढच्या खेपंला त्येच इरजण. माझ्या सासूनं दिलं, तिला तिच्या सासूनं. तवापासून बरणी कवा रिकामी न्हाई.”

मी वाटीभर मागून आणलं. एका छोट्या भांड्यातल्या कच्च्या बियरमध्ये घातलं, आणि काय झालं ते बियर पिणाऱ्यांनी पुढं सगळीकडे सांगितलंच.

वाटी परत करायची होती. आमच्याकडे भांडं रिकामं परत करत नाहीत. मी साखर शोधत होते, ती सापडेना, म्हणून टाकीच्या तळाशी बसलेला दाट पांढरा गाळ तिच्यात ओतला आणि दिला. आक्कानं वास घेतला, नाक मुरडलं, “शिळ्या पेजंवानी मारतंय गं,” म्हणाली, आणि तो गाळ सरळ आपल्या बरणीत रिचवला. मग ते चालूच राहिलं. आमची बियर मंदावली की मी तिच्याकडून विरजण आणायची, भांडं परत जाताना आमचा गाळ जायचा. तिची सासू आमच्या टाक्यांत आणि आमच्या टाक्या तिच्या आंबोळ्यांत. आक्कानं आयुष्यात बियरचा थेंब घेतला नाही, आणि निम्मी बियर तिच्या घरात राहत होती.

मग विकायची कशाला, असं कोणीही विचारेल. मीही विचारलं होतं. संग्राम पिंपं गाडीत घालून कोल्हापूर, बेळगाव, पणजी करायचा. जिथं आमची बियर खपायची तिथं एक दिवस मोठ्या कंपनीचा नवा कोरा फ्रिज येऊन बसायचा. फुकट, फक्त त्यात दुसऱ्या कोणाची बाटली ठेवायची नाही. मालक ओशाळून म्हणायचा, “संग्रामदादा, चव तुमचीच, पण काय करणार.” भरलेली पिंपं भरलेलीच परत यायची. त्या वर्षी आंबोली घाटात परतताना संग्रामला स्टिअरिंगवर डुलकी लागली. गाडी कठड्याला टेकून थांबली. घरी आला, जेवला, आणि हात धुता धुता हे असं सांगितलं की जणू भाजी आणायला विसरला होता. त्या दिवसापासून ‘विकू या’ म्हणणारा तो नव्हता. मीच होते.

म्हणून नाफडेसाहेब बसले होते, कागद टेबलावर होते, आणि खिडकीतून धुकं आत येत होतं.

“सगळं तुम्ही वाचलेलंच आहे,” नाफडेसाहेब म्हणाले. “तरी नियमाप्रमाणे मी एकदा म्हणून दाखवतो. नाव, लेबलवरचं चित्र, कृती, टाक्या, सगळं कंपनीकडं. ठरलेली मुदत संपेपर्यंत तुम्ही दोघं बियर करणार नाही. आणि हे विरजणाचं कलम. बियर ज्यानं आंबते ते फक्त कंपनीकडं राहील. इतर कोणाकडे ते नाही, आणि यापुढं तुम्ही ते कोणाला देणार नाही, असं तुम्ही लिहून देता.”

संग्रामनं माझ्याकडे पाहिलं. मी टाक्यांकडे पाहिलं.

या कलमाबद्दल आम्ही आधी बोललो होतो. आक्का महिनाभर निपाणीला लेकीच्या बाळंतपणाला गेली होती. संग्रामचं म्हणणं, “ती विकते का? ती आंबोळ्या करते. तिच्या बरणीची कोण झडती घेणार आहे?” मला ते पटलं होतं, म्हणजे पटवून घेतलं होतं. आंबोळीचं पीठ ते पीठ आणि बियरचं यीस्ट ते यीस्ट, असं मी मनाशी घोकत होते. घोकलं की बहुतेक गोष्टी खऱ्या वाटतात.

नाफडेसाहेबांनी खिशातून पेन काढलं. संग्रामनं उठून ट्यूबलाइट लावली, कारण अक्षरं दिसेनाशी झाली होती.

तेवढ्यात दारातून हाक आली. “पोरी, हायस का गं?”

धुक्यातून आधी डोक्यावरचा पदर आला, मग आक्का. हातात स्टीलचा डबा, माझाच, मागच्या खेपेचा. तिनं पाहुण्यांकडे पाहिलं, पदर नीट केला आणि माझ्याशी बोलायला लागली. पाहुणा कितीही मोठा असो, आक्काला घाई असली की तो भिंतीवरच्या पालीइतकाच.

“दुपारच्या यष्टीनं आले बघ निपाणीहून. घरात पाय ठेवला आन् काय बघतीया, बरणी पालथी! सुनंनं घासून लख्ख केलीया. म्हणं, आत्ती, वास मारत होती. आता काय म्हणू तिला? चांगलं कराय गेली बिचारी.” तिनं डबा या हातातून त्या हातात घेतला. “उद्या नव्या भाताच्या आंबोळ्या हायत. देवाला पैल्या पाच. पीठ वाटून ठिवलंय. वस्तीवर सगळ्या सोडा घालत्यात, कुणाकडं इरजण न्हाई. म्हनलं, माझं इरजण पोरीकडं हाय की. दे वाटीभर.”

टाकीतून एक बुडबुडा निघाला, मग दुसरा.

मला एकदम सगळं दिसलं. दुसरीकडे कुठंच नाही हे कलम आत्ता या क्षणी खरं होतं. अगदी खरं. सुनेनं बरणी घासून ते खरं केलं होतं. मी फक्त गप्प बसायचं होतं, आणि त्या बाईच्या सासूची सासू कंपनीच्या मालकीची होणार होती.

नाफडेसाहेबांनी पेन टेबलावर आडवं ठेवलं. संग्रामचा चेहरा पडला होता. त्याचं आक्कावर प्रेम नव्हतं असं नाही. लहानपणी त्याला गोवर झाला तेव्हा रात्रंदिवस तीच उशाशी बसली होती. पण माणूस बुडताना काडीचा आधार घेतो, आणि त्याला ती काडी वर, छतावर दिसली.

“आक्का,” तो अगदी मऊ आवाजात म्हणाला, “दिवा लागला की. आता तिन्हीसांजंला विरजण कसं द्यायचं?”

आक्कानं मान वर करून ट्यूबलाइटकडे पाहिलं. तिचा हात आपोआप कपाळाकडे गेला, दिव्याला नमस्कार केल्यासारखा.

“अगं बया,” ती म्हणाली. “व्हय की. धुक्यात कळलंच न्हाई मला. दिवा लागल्यावर मागू नये, तुझ्या घरची लक्षुमी न्यायची का मी?” डबा तिनं पोटाशी धरला. “माझंच चुकलं. उद्या सकाळी येते.”

“या ना, सकाळी या,” संग्राम म्हणाला.

“देवाला काय, उद्याच्या जागी परवा. त्यो काय उपाशी न्हाई ऱ्हायचा.” ती हसली आणि वळली.

सकाळी काय असणार होतं? सही झालेली असणार होती. सकाळी मी तिला काय सांगणार होते, की आक्का, तुमचं आता तुमचं राहिलं नाही? तिनं रागावून मागितलं असतं, भांडण केलं असतं, तर कदाचित मी गप्प बसले असते. ती माझ्या घरची लक्ष्मी जपायला निघाली होती, तेच मला सोसलं नाही.

मी उठले. काय करणार आहे हे मलाही ठाऊक नव्हतं. दाराशेजारी मीटरची पेटी होती, तिच्यातला मोठा खटका मी खाली ओढला.

ट्यूबलाइट गेली. थंडाव्याचं यंत्र घरघरत थांबलं. आणि इतकी शांतता पसरली की आजवर तिथं किती आवाज होता ते तेव्हा कळलं. खिडक्यांत नुसतं पांढरं धुकं होतं, त्याचाच काय तो उजेड. माणसं दिसत नव्हती, त्यांच्या कडा दिसत होत्या. टाक्या एकेक बुडबुडा सोडत होत्या, कोणाचीही पर्वा नसल्यासारख्या.

“ऊर्मिला!” संग्राम अंधारातून म्हणाला.

“आक्का,” मी म्हणाले, “कुठं लागलाय दिवा? देवापुढचा अजून लावलेलासुद्धा नाही. या इकडे.”

तेही खरंच होतं. रोज संध्याकाळी संग्राम गणपतीच्या तसबिरीपुढं पणती लावायचा, त्याच्या वडिलांची रीत. त्या दिवशी कागदांच्या नादात राहून गेली होती.

आक्का दारात थबकली. तिच्या चपला सिमेंटवरून घासत आल्याचं ऐकू आलं, आणि डब्याची थंड कड माझ्या हाताला लागली. मी चाचपडत टाकीखाली बसले, तळाची तोटी किंचित फिरवली. दाट, थंड, आंबूस असं ते माझ्या बोटांवरून डब्यात उतरलं. फणसाचा वास आला. दिसत काही नव्हतं, आणि मला वाटलं की जगात कुठंही, कधीही, हे असंच दिलं गेलं असणार, एका बाईनं दुसरीच्या हातात, बोलल्याशिवाय. डबा जड झाला तसा मी तोटी बंद केली.

“बास बास,” आक्का कुजबुजली. “आंगणभर आंबोळ्या घालू व्हय?”

झाकण बसल्याचा आवाज झाला. “येते,” ती म्हणाली, आणि आली तशी धुक्यात गेली. मी तसबिरीपुढं जाऊन काडी ओढली आणि पणती लावली. मगच खटका वर केला.

उजेडात आम्ही तिघं एकमेकांकडे पाहत होतो. नाफडेसाहेबांच्या हातात एक काजू होता, तोंडाकडे नेताना मध्येच थांबलेला.

“मॅडम,” ते सावकाश म्हणाले, “आता अंधार होता. मला काही दिसलं नाही. लाइट जातातच गावाकडं. आपण सही करू.”

संग्रामनं श्वास सोडला. मी पेन उचललं, कलमावर बोट ठेवलं. इतर कोणाकडे ते नाही. माझ्या बोटांना अजून ओल होती.

“तुम्हाला दिसलं नसेल,” मी म्हणाले. “मला दिसलं. हे मी लिहून देऊ शकत नाही.”

“अगं, तो माणूस सोडतोय आणि तू धरून बसतेस!” संग्राम उभा राहिला. “दिलंस ना? दिलंस. मी काही बोललो? आता एवढं तरी—”

“आज दिलं. पुढच्या महिन्यात तिची सून पुन्हा बरणी घासेल. तेव्हाही द्यावं लागेल. दर वेळी लाइट घालवू?”

नाफडेसाहेबांनी आमच्याकडे आळीपाळीनं पाहिलं, मग मोबाइल काढला. “वर विचारावं लागेल. इथं रेंज कुठं येते?”

“फणसाखाली,” आम्ही दोघंही म्हणालो.

ते बाहेर गेले आणि धुक्यानं त्यांना पाचव्या पावलाला गिळलं. आम्ही टेबलाच्या दोन बाजूंना बसलो. संग्राम कागदाची कड दुमडत होता, उलगडत होता.

“घाटात मला भीती वाटली नव्हती,” तो म्हणाला. “डोळे उघडले तेव्हा पुढं नुसतं पांढरं होतं. मला वाटलं, घरी आलो. तशीच झोपायची इच्छा झाली. नंतर कळलं की पुढं दरी आहे.” त्यानं कागद खाली ठेवला. “मला परत त्या रस्त्यानं पाठवू नकोस, ऊर्मी.”

लग्नाला इतकी वर्षं झाली, त्यानं माझ्याकडे असं काही मागितलं नव्हतं. मी त्याचा हात धरला. ओल्या बोटांनीच. विरजण जाऊ दे आणि हा माणूस राहू दे, असं मला त्या वेळी वाटलं, आणि लगेच वाटलं की आता उशीर झाला, डबा वस्तीवर पोचलासुद्धा असेल. मला रडू आलं.

बाहेरून नाफडेसाहेबांचा आवाज येत होता. माणूस दिसत नव्हता, नुसता आवाज, धुकंच बोलत असल्यासारखा. “हो सर... नाही, नावाबद्दल त्यांचं काही नाही... चित्र? हो, चित्रपण... डोंगर, फणस, सगळं... नाही सर, फक्त ते... हो... हो... अच्छा?”

मग ते आत आले. स्वेटरवर दवाचे थेंब होते. खुर्चीवर बसले, पेन घेतलं, आणि विरजणाच्या कलमावरून एक आडवी रेघ ओढली. शेजारी आपली छोटी सही केली.

“झालं,” ते म्हणाले.

“म्हणजे?” संग्रामनं विचारलं.

“विरजण नको म्हणाले. आपल्या कारखान्यात आपलं स्वतःचं असतं, सगळ्या बियरना तेच वापरतात. त्यांना नाव हवंय. आणि डोंगराचं चित्र.”

“मग हे कलम कशाला घातलं होतं?” मी विचारलं. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला.

“सगळ्याच करारांत असतं, मॅडम.” ते जरा ओशाळले. “कोणी वाचत नाही.”

मी सही केली. ठरलेल्या जागी. संग्रामनं केली. त्यानं नाफडेसाहेबांना गाडीपर्यंत सोडलं, बरोबर काजूचा पुडा दिला. मी टाकीशी बसून राहिले. मोठ्या माणसानं आपली वस्तू हिसकावून न्यावी याचा राग येतो. पण त्यानं ती उचलून पाहावी आणि ‘ही राहू द्या’ म्हणून खाली ठेवावी, याला काय म्हणायचं ते मला अजून सापडलेलं नाही.

टाक्या न्यायला ट्रक यायचा होता, त्याआधी त्या धुऊन द्यायच्या होत्या. उरलेलं विरजण मला घरी ठेवता आलं असतं. आता कोणाची बंदी नव्हती. पण मी चिडले होते. नको तर नको. मी सगळ्या तोट्या उघडल्या आणि ते पांढरं दाट आवारातून ओढ्याकडे जाताना बघत उभी राहिले. संग्राम आला, शेजारी उभा राहिला. ओढ्याला दोन दिवस आंबोळीचा वास येत होता.

ट्रक गेला त्या सकाळी आक्का आली. रिकाम्या कारखान्यात तिनं इकडंतिकडं पाहिलं. भिंतीवर टाक्यांच्या जागी फिकट गोल उमटले होते.

“इकलं व्हय सगळं?”

“विकलं.”

“बरं केलंसा. संग्रामचा जीव वाचला.” तिनं पदराखालून माझा डबा काढला. “हे घे तुझं भांडं. रिकामं न्हाई हां.”

आत नव्या भाताच्या आंबोळ्या होत्या, केळीच्या पानात गुंडाळलेल्या. मी उभ्या उभ्या एक तुकडा तोडला. तांदूळ, आंबूसपणा, आणि फणसाच्या जवळून गेल्यासारखं ते. माझी बियर. अख्खी, एक थेंब कमी नाही. मी तोंडात तुकडा धरून रडले आणि आक्का म्हणत राहिली, “गरम न्हाई गं, सकाळच्या हायत, पोळलं कसं?”

पुढची वर्षं शांत गेली. संग्रामनं त्याच जागेत पुन्हा काजूचा कारखाना चालू केला. तो रोज संध्याकाळी घरी असायचा आणि नऊलाच घोरायचा. तो आवाज ऐकत पडण्यासाठी मी पुन्हा सगळं विकलं असतं. डबा मात्र जात-येत राहिला. तिकडून आंबोळ्या, इकडून काजू.

एकदा पुण्याला एका लग्नात आम्हाला ‘धुकं’ दिसलं. चकचकीत डबा, त्यावर आमचा डोंगर, आमचा फणस. आम्ही कोपऱ्यात जाऊन एक उघडला. संग्रामनं घोट घेतला, बराच वेळ विचार केला.

“चांगली थंड आहे,” तो म्हणाला.

दोन-तीन वर्षांनी कंपनीनं ती बंद केली. खप नव्हता म्हणे.

करारातली मुदत गेल्या दिवाळीनंतर संपली. मी संग्रामला काही म्हणाले नव्हते. एके दिवशी मी कारखान्यात गेले तर मागच्या खोलीत एक टाकी उभी, लहानशी, दुसऱ्याच कोणाच्या बुडालेल्या भट्टीतली. शेजारी मोड काढून वाळवलेल्या सातूचं पोतं.

“फक्त आजऱ्यापुरती,” तो म्हणाला. “घाट उतरायचा नाही.”

“नाव?”

“नाव कशाला? नाव ठेवलं की कोणीतरी न्यायला येतं.”

मी हसले, डबा घेतला आणि वस्तीकडे निघाले. वाटेत धुकं आलं. फणस गेला, वाट गेली, आणि मी नुसत्या पायांच्या सवयीनं चालत होते, किती वेळ ते कळलंच नाही. पांढऱ्यातून एकदम आक्काची ओसरी पुढं आली. आक्का खांबाला टेकून बसली होती. आता तिला कमी दिसतं. पण डब्याचा आवाज ती ओळखते.

“पोरी? काय गं?”

“आक्का, विरजण हवं होतं वाटीभर. टाकीत घालायला.”

तिचा चेहरा उजळला, आणि तेव्हा मला कळलं की तो मला कसा दिसला. ओसरीवरचा बल्ब लागलेला होता. दिवस मावळून गेला होता, आणि मी दिवा लागल्यावर दुसऱ्याच्या दारात विरजण मागत उभी होते.

“अगं बाई,” मी म्हणाले. “धुक्यात कळलंच नाही. राहू द्या आक्का, सकाळी येते.”

मी वळले.

“थांब की,” आक्का म्हणाली. आणि घरात तोंड करून तिनं सुनेला हाक मारली, “अगं ए, त्यो लाईट बंद कर जरा. आन् देवापुढचा दिवा इतक्यात लावू नगंस.”